वाकळीचा हिशोब: कोपरखैरण्यातल्या कामाच्या नोंदी, एप्रिल ते ऑक्टोबर २०२५

६ एप्रिल, रामनवमी

आजपासून सुरुवात. आम्ही सात जणी, सगळ्या नवी मुंबईच्या कोपरखैरणे-घणसोलीतल्या. पाच पाटण, जावळी, कोरेगावकडच्या, एक जुन्नरची आत्या आणि एक घणसोली गावातली आगरी वहिनी. जुन्या सुती लुगड्यांच्या वाकळी, म्हणजे गोधड्या, शिवायच्या, विकायच्या, आणि शिवणारीच्या पदरात खरोखर किती पडतं ते प्रत्येक नगामागे वहीत लिहायचं, असं ठरलं. कोणी आपल्या इमारतीत हेच काम काढलं तर आमचं काय फसलं ते त्यांना आधीच कळावं, म्हणून ह्या नोंदी.

इथे वाकळ आली कुठून, हे थोडक्यात लिहिते, कारण गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच विचारतं. साताऱ्याकडचे पुरुष मुंबईला हमालीला आले ते वळकटी घेऊन. मशीद बंदर, दाणाबंदरच्या आसपास एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायचे, खानावळीत जेवायचे, आणि रात्री अंगावर आईनं नाहीतर बायकोनं शिवलेली वाकळ घ्यायचे. १९६९ साली माथाडी, म्हणजे हमालांसाठीचा कायदा झाला. पुढे घाऊक बाजार मुंबईतून तुर्भ्याला हलला, माथाड्यांना कोपरखैरणे, घणसोलीत घरं मिळाली, आणि मग गावाकडून बायका-पोरं आली. त्यांच्याबरोबर सुई-दोरा आला. म्हणून सिडकोनं आखून वसवलेल्या ह्या शहरात आजही उन्हाळ्यात गच्चीवर, जिन्याखाली वाकळ पसरलेली दिसते.

गावी हे काम पैशात मोजलं गेलंच नाही. घरची घरी शिवायची, शेजारणीच्या वाकळीला चार ओळी आपण घालायच्या, आपल्याला तिनं. पाटणच्या काकी सांगतात, परक्याची शिवली तर पायलीभर धान्य आणि एखादा खण मिळायचा. आता ओळखीतून कोणी शिवून घेतं ते पाचशे रुपये हातावर ठेवतं. ते पाचशे कशाचे, किती तासांचे, हे देणाराही विचारत नाही आणि घेणारीही नाही.

१३ एप्रिल

लुगडी जमवायचा दिवस. आधी वाटलं होतं की घराघरांतून हवी तेवढी निघतील. निघाली, पण निम्म्याहून जास्त टेरीकॉट, जॉर्जेट आणि पॉलिस्टरची. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत रोजच्या वापरात सुती साडी राहिलीच नाही. सुती आहेत त्या सासूच्या नाहीतर आजेसासूच्या पेटीतल्या, आणि त्या द्यायला मन होत नाही.

बरीच सुती लुगडी आधीच बोहारणीकडे गेली आहेत. चार चांगल्या साड्या देऊन एक स्टीलचा डबा. आमच्या गल्लीत येते त्या बोहारणीशीच बोलणं केलं. ती म्हणाली, मऊ सुती कापडाला तिच्याकडे कायम गिऱ्हाईक असतं, गॅरेजवाले हात आणि मशीन पुसायला घेतात. म्हणजे नऊवारी इरकल शेवटी ऑइलच्या डागात जातं. नगाला सत्तर ते ऐंशी देऊ म्हटल्यावर ती आमच्यासाठी वेगळी काढून ठेवायला तयार झाली. तिला आधीच सांगून ठेवलं आहे: विरलेली चालेल, फाटलेली चालेल, पण काडी लावली की राख झाली पाहिजे, गोळी होता कामा नये. सूत ओळखायची ही जुनी पारख तिला आमच्यापेक्षा चांगली येते.

२० एप्रिल

धुणं. सगळी लुगडी रात्रभर साध्या पाण्यात, सकाळी साबणाच्या गरम पाण्यात. खळ पूर्ण निघाली नाही तर सुई जड जाते आणि कापड पहिल्या धुण्यात आटून शिवणीला चुण्या पडतात.

इथेच पहिलं नुकसान झालं. दोन इरकलींचे लाल पदर अंगासकट एकाच टबात भिजले. बरोबरची दोन पांढरी धोतरं गुलाबी झाली. मीठ घातलं, तुरटी घातली, उपयोग नाही. आता ठरलेली रीत अशी: प्रत्येक कापडाचा काठ आणि पदर ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून घासायचा. फडकं रंगलं तर तो भाग कापून बाजूला. असं कापड वाकळीच्या आतल्या थरात दडवून भागत नाही. आत ते उशिरा वाळतं, ओलं जास्त वेळ राहतं, आणि रंग वर फुटतो. लाल पदरांच्या पिशव्या शिवायला दिल्या. बाळाच्या दुपट्यात तर असा एक धागाही घालायचा नाही, हे वहिनींनी सगळ्यांना बजावलं.

२७ एप्रिल

बेतणी. एकेरी वाकळ सहा फूट बाय पावणेचार फूट धरली. सहावारी साडी तीन घड्यांत बरोबर तेवढी बसते, म्हणजे दोन साड्यांत सहा थर होतात, वजन किलोभर. गावच्या थंडीला ह्याच्या दुप्पट लागायचं, पण कोपरखैरण्यात डिसेंबरातही पंखा चालू असतो. दुहेरी हवी असेल तर नऊवारी मधोमध कापून दोन्ही तुकडे लांबीकडून जोडायचे.

इमारतीचा हॉल मिळाला. तिथे फरशी आहे, चकचकीत. कापड पसरलं आणि काकींनी हात फिरवला की वरचा थर सरकायचा, खालचा तिथेच. त्या म्हणाल्या, "आगं, ह्या फरशीवर कापड ऱ्हातंय व्हय? शेणानं सारवल्याली भुई कापडाला धरून ठिवती." सतरंजी अंथरून पाहिली, तर सुई सतरंजीही शिवायला लागली. एक अख्खी ओळ उसवावी लागली.

शेवटी असं जमलं: सगळ्यात खालचं अस्तर मांजरपाटाचं घ्यायचं, ते चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टीनं फरशीला ताणून चिकटवायचं, मग एकेक थर त्यावर. प्रत्येक थर मधून कडेकडे हातानं निपटायचा. चार कोपऱ्यांवर वजन, मधे वरवंटा. सगळे थर बसल्यावर मधून बाहेर, उन्हाच्या किरणांसारखे, कच्चे टाके. ते झाल्याशिवाय चिकटपट्टी काढायची नाही.

४ मे

पहिली वाकळ बिघडली. कच्चे टाके एका पाळीत घाईनं विरळ घातले होते. आपली पद्धत कडेकडून आत यायची. चौघी चार बाजूंना बसतात, फेऱ्यावर फेरा घालत मधल्या चौकोनापर्यंत येतात. त्यात सैल राहिलेलं सगळं कापड पुढे ढकललं जातं आणि मधे येऊन साठतं. शेवटच्या दोन हातांत असा फुगा आला की दाबून बसेना. जावळीच्या मावशींनी मधले आठ फेरे उसवले, फुगा दोन चुण्यांत दाबला आणि वर पिवळ्या खणाचं चौकोनी ठिगळ लावलं. आता ते मुद्दाम केलेलं वाटतं, पण विकायला ठेवली नाही. हॉलमध्ये शिकायला येणाऱ्यांना दाखवायला ठेवली आहे.

त्याच दिवशी काकींनी त्यांच्या सासूची वाकळ आणली. कड उसवली होती, गोट, म्हणजे कडेची पट्टी, बदलायचा होता. एका कोपऱ्यातले थर उघडे दिसत होते ते मी एकेक करून पाहिले आणि फोटो काढले. वर हिरवं लुगडं, काठ काढून घेतलेला. त्याखाली धोतर, इतकं विरलेलं की बोट आरपार दिसावं. त्याखाली शाळेच्या चड्डीची खाकी, शिवणीसकट उलगडून सपाट केलेली, खिसा होता तिथे गडद चौकोन तसाच. त्याखाली पुन्हा एक आख्खी जुनी वाकळ, तिचे टाके वेगळ्या दोऱ्याचे, वेगळ्या हाताचे. ते टाके काकींच्या सासूच्याही सासूचे. काकी बराच वेळ ते चाचपत होत्या. त्यांनी सांगितलं म्हणून आम्ही आतल्या वाकळीला हात लावला नाही, फक्त नवा गोट घातला.

हे जपायचं आहे. कापड किती जुनं, कोणाचं, कोणाच्या हातचं, हे आजपासून प्रत्येक वाकळीबरोबर चिठ्ठीवर लिहून द्यायचं.

१८ मे

मशीन. दोघी तरुण मुलींचा आग्रह होता, आणि वेळ वाचतो का हे बघणं गरजेचंच होतं. मोटार लावलेल्या घरगुती मशीनवर सहा थर घातले. जिथे काठावर काठ आला तिथे सुया मोडल्या. वरचा थर पायाखाली ओढला जातो, खालचा मागे राहतो, ओळीच्या शेवटी तिरका लोळ. थर कमी करून चार केले तेव्हा नीट शिवलं गेलं, आणि हातानं जे काम दोन-तीन दिवस चालतं ते एका दुपारी झालं.

पण अंगावर घेतल्यावर फरक कळतो. मशीनची टीप थर आवळून धरते, वाकळ पुठ्ठ्यासारखी ताठ राहते. हाताच्या धावदोऱ्यात दोन टाक्यांमध्ये कापडाला श्वास घ्यायला जागा राहते, म्हणून ती अंगाला लपेटते आणि धुऊन धुऊन आणखी मऊ होत जाते. शिवाय मशीनची रजई बाजारात सातशे-आठशेला ढिगानं मिळते. त्या भावाशी आपण बरोबरी करू शकत नाही, करायचीही नाही. मशीन फक्त दोन कामांना ठेवलं: साड्यांचे तुकडे जोडणं आणि गोटाची पट्टी तयार करणं.

२६ मे

पाऊस आला. मे महिन्यातच. शिवून झालेल्या चार वाकळी शेवटचं धुणं करून गच्चीवर होत्या. खाली आणेपर्यंत निथळत होत्या.

८ जून

त्या चारांपैकी दोनच वाचल्या. उरलेल्या दोन आत ओल्या राहिल्या, कुबट वास धरला आणि अस्तरावर बुरशीचे काळे ठिपके उठले. व्हिनेगरचं पाणी, ऊन नसल्यानं पंख्याखाली तीन दिवस, इस्त्री, सगळं केलं. वास गेला, ठिपके गेले नाहीत. त्या सातशेला एक, अशा ओळखीत दिल्या. कापड, दोरा सोडाच, शिवणीचाही खर्च निघाला नाही. शिवणाऱ्यांचे पैसे मात्र ठरल्याप्रमाणे पूर्ण दिले. माल भिजला ही त्यांची चूक नव्हे.

गावी वाकळी उन्हाळ्यातच का शिवतात, तर शेतीची कामं नसतात म्हणून, आणि ऊन असतं म्हणून. इथे पावसाळ्यात काम थांबवणं परवडत नाही, म्हणून क्रम बदलला. धुणं सगळं मेच्या आत, कापडाचंच. पावसात फक्त शिवण. प्रत्येक थर पसरायच्या आधी इस्त्री. शिवलेली वाकळ ऑक्टोबरचं ऊन पडेपर्यंत धुवायची नाही. अर्धवट काम घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात ठेवायचं नाही, दोरीवर पंख्याखाली.

आणखी एक: दमट हवेत सुई एका रात्रीत गंजते, आणि टोचून ठेवली तर कापडावर तांबूस ठिपका पडतो, तो जात नाही. उठताना सुई कापडातून काढून डबीत, डबीत कोरडी राख.

२२ जून

मजुरीवरून बोलाचाली झाली, आणि झाली ते बरं झालं. आतापर्यंत नगाला ठरावीक रक्कम देत होतो. जुन्नरच्या आत्या अर्ध्या बोटावर ओळ घालतात, दुसऱ्या एक जणी दोन बोटांवर. दोघींना सारखेच पैसे. आत्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांची सून बोलली, आणि तिचं खरं होतं.

तासावर द्यावं तर प्रत्येकीचे तास कोण मोजणार? कोणी घरी नेऊन शिवतं, मधे कुकर लावतं, पोराला शाळेतून आणतं. तेव्हा काकींनीच मार्ग काढला. गावी दोरा वावभर तोडतात, म्हणजे दोन्ही हात ताणून होतो तेवढा. त्याहून लांब घेतला तर गुंततो, आखूड घेतला तर सारख्या गाठी येतात. त्या म्हणाल्या, दोरं मोजा. किती दोरे संपले, तेवढं काम झालं.

हात प्रत्येकीचे वेगळे, म्हणून भिंतीवर पावणेदोन मीटरची खूण केली. तिच्यावर मापून दहा-दहा दोऱ्यांच्या जुड्या बांधून देतो. एका वावेत साधारण दीड मीटर शिवण होते, बाकीचं गाठीत, वळणात आणि थरांच्या जाडीत जातं. एकेरी वाकळीत दोन सेंटिमीटरवर ओळी घातल्या तर शंभर मीटरच्या थोडी वर शिवण भरते, म्हणजे सत्तर वाव. सवयीचा हात तासाला सव्वातीन वाव घालतो. सत्तर वावांना एकवीस-बावीस तास झाले. वर बेतणी, कच्चे टाके, गोट धरले तर सत्तावीस.

आता ते पाचशे रुपये बघा. तासाला वीसही पडत नाहीत.

वावेला वीस रुपये ठरवले, तासाला पासष्टच्या आसपास जातात. हे फार नाही. पण घरकाम सांभाळून, ऐरोली-तुर्भ्याला जायचं भाडं न घालवता, बसल्या जागी, आणि हिशोब शिवणारीला स्वतःला मांडता येतो. संपलेल्या जुड्यांचे कागद तिच्याकडेच राहतात.

एक त्रुटी लगेच दिसली. आखूड टाक्याला वेळ खूप जास्त लागतो, दोरा मात्र किंचितच जास्त. वावेनुसार पैसे दिले तर मोठे टाके घालणारीचा फायदा. म्हणून टाक्यालाही माप लावलं: एका वितेत कमीत कमी वीस टाके. अठ्ठावीसच्या वर गेले तर वावेला सव्वीस रुपये. माप वाकळीच्या मधल्या भागात घ्यायचं, कडेला नाही. कडेला सगळ्यांचा हात ताजा असतो.

२० जुलै

पाऊस, हॉलमध्ये गळती, काम थोडंच. दोऱ्याचं बघितलं. मशीनचं रीळ दुहेरी करून वापरलं होतं, ते सहा महिन्यांत तुटेल असं आत्यांचं म्हणणं. सुती जाड दोरा घेतला आणि मेणाच्या वडीवरून एकदा ओढून घ्यायचा असं ठरलं. सुई थरांत अडली की काकी ती केसांतून फिरवतात, तेवढं तेल पुरतं. अंगुस्तान वापरायची सवय लावायला मात्र फार दिवस लागले. ज्यांनी वापरलं नाही त्यांच्या मधल्या बोटाला चिरा पडल्या आणि आठवडाभर काम बंद.

१७ ऑगस्ट

एका कंपनीकडून विचारणा आली. दिवाळीच्या भेटीसाठी साठ लहान वाकळी, सगळ्या एका मापाच्या, एकाच निळ्या रंगात, कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह. रक्कम मोठी होती. दोन दिवस ह्यावर चर्चा चालली.

मी अमेरिकेतल्या गीज बेंडबद्दल वाचलं होतं ते सगळ्यांना सांगितलं. अलाबामा राज्यातल्या त्या भागातल्या कृष्णवर्णीय बायकाही जुन्या कामाच्या कपड्यांच्याच गोधड्या शिवायच्या. १९६६ साली त्यांची 'फ्रीडम क्विल्टिंग बी' ही सहकारी संस्था निघाली. शहरातल्या मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी मिळाल्या, सीअर्ससाठी कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवले. पैसा आला, रोजगार आला, तो गरजेचाही होता. पण दुकानांना हवा होता ठरलेला नमुना, सारखी शिवण. ज्या मनानं रचलेल्या, तिरक्या-वाकड्या गोधड्यांमुळे पुढे २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात प्रदर्शन भरलं, त्या त्यांनी घरासाठी, स्वतःच्या डोळ्यानं शिवलेल्या होत्या.

काकींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "साठ सारख्या करायच्या तर लुगडी सारखी कुठनं आणायची? नवं कापड आणावं लागंल. मग ती वाकळ कशाची?" तिथे निर्णय झाला. कंपनीला उलट कळवलं: साठ नाही, पंधरा. माप एक, रंग आणि जुळणी शिवणारीची, चिन्ह नाही, चिठ्ठी आमची. त्यांनी बारा घेतल्या. ऐंशी टक्के काम हातचं गेलं, आणि सातपैकी दोघींना ते पटलेलं नाही हेही इथे नोंदवते. त्यांच्या घरी त्या पैशांची गरज होती. पुढच्या वेळी अशी ऑर्डर आली तर काय करायचं, हे पुन्हा सातही जणी मिळून ठरवू.

७ सप्टेंबर

गणपती झाले. जे आधी लक्षात यायला हवं होतं ते आता आलं: तयार वाकळीपेक्षा लोक स्वतःच्या घरची लुगडी घेऊन येतात आणि शिवून मागतात. आई गेली, तिच्या साड्या कपाटात आहेत, टाकवत नाहीत, नेसायला कोणी नाही. नेरूळहून एक गृहस्थ आले, आईची पाच लुगडी घेऊन. भावंडं चार, म्हणून चार वाकळी, आणि प्रत्येकीत पाचही लुगड्यांचा तुकडा हवा. मापं काढायला आम्हाला अख्खी सकाळ लागली. जुळणी वहिनींनी केली, काठ चारी बाजूंना पुरवून पुरवून लावले.

तयार वाकळ बघून "कोणाच्या साड्या आहेत?" असं अवघडून विचारणारे बरेच असतात. परक्याचं, कदाचित गेलेल्या माणसाचं कापड अंगावर नको वाटतं. तीच गोष्ट घरच्या लुगड्याला उलटी लागू होते.

ह्या कामाला वेगळे नियम करावे लागले. आणलेल्या प्रत्येक साडीचा फोटो, समोरच्याची सही, कुठे कापणार ते आधी खडूनं दाखवायचं, उरलेली चिंधी न् चिंधी परत. एक लुगडं धुताना हातात फाटलं, इतकं जीर्ण होतं. तेव्हापासून असं कापड आधी धुवायचं नाही, खाली मलमल लावून टाचायचं आणि मग हलक्या हातानं भिजवायचं. शिवणीचा दर तोच, वावेला वीस.

१४ सप्टेंबर

पितृपक्ष सुरू आहे, आणि घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, हा साताऱ्याकडचा रिवाज इथेही चालूच आहे. गावी नदीवर, ओढ्यावर अख्खी आळी वाकळी बडवत असते. इथे गच्ची आणि टाकीचं पाणी. सोसायटीत पाण्यावरून कुरबुर होते, म्हणून आम्ही इमारतींचे दिवस वाटून घेतले आणि ओल्या वाकळी पिळायला दोन-दोन माणसं ठेवली. ओली दुहेरी वाकळ एकटीला उचलत नाही.

ह्या धुण्यात दुरुस्तीचं काम सापडलं. गच्चीवर वाळणाऱ्या वाकळी पाहत फिरलो तर निम्म्यांचे गोट गेलेले, कोपरे उसवलेले. गोट बदलणे तीनशे, ठिगळ लावून ओळी पुन्हा घालणे वावेच्या दरानं. कापड लागत नाही, जागा लागत नाही, पैसे रोखीत. ह्या थोड्या दिवसांत जेवढं काम आलं तेवढं मेपासून विक्रीत आलं नव्हतं. पुढच्या वर्षी भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा दुरुस्तीसाठी मोकळा ठेवायचा.

५ ऑक्टोबर

विक्री. ओळखीनं वाशीतल्या एका दुकानात चार वाकळी ठेवल्या, शिवाय एका प्रदर्शनात दोन दिवस टेबल मिळालं. दुकानदाराचं पहिलं म्हणणं, किंमत अडीच हजारांच्या आत ठेवा. २२ सप्टेंबरपासून जीएसटी बदलला, सुती रजईला अडीच हजारांपर्यंत पाच टक्के, वर गेली की अठरा. आमची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे, पण दुकान त्याच्या बिलावर कर लावणार, त्यामुळे त्याचं बरोबर आहे.

एकेरीचा हिशोब असा निघाला. लुगडी १६० रुपये, दोरा ९०, अस्तर आणि गोट १४०. शिवण सत्तर वाव, १,४०० रुपये. बेतणी, कच्चे टाके, गोट लावणं आणि धुणं २५०. हॉलचा वाटा ६०. एकूण २,१००. विक्री २,४००, वरचे तीनशे गटाच्या खात्यात, पुढच्या लुगड्यांसाठी. दुकान त्यावर आपलं काढतं, म्हणून दुकानात २,४०० परवडत नाही आणि थेट विक्रीत परवडतं. दुकानात आता फक्त दुपटी ठेवणार. बाळंतविड्यात जुन्या सुती लुगड्याचं दुपटं हवंच असतं, त्याला कापड कमी लागतं, एका दिवसात होतं, आणि घेणारा घासाघीस करत नाही.

आत्यांची अर्ध्या बोटाची वाकळ ४,८०० ला ठेवली होती. पहिल्या दिवशी लोक किंमत बघून पुढे जात होते. बंगालचा कांथा लोकांना माहीत आहे, त्याला भौगोलिक मानांकन आहे, त्याच्या किमतीला कोणी नाव ठेवत नाही. वाकळ म्हटलं की "आमची आजी घरी शिवायची" म्हणतात आणि सहाशे रुपये सांगतात. दुसऱ्या दिवशी आम्ही टेबलावर एक अर्धी शिवलेली वाकळ पसरली, आत्या बसून शिवायला लागल्या, आणि शेजारी रिकाम्या जुड्यांचे चौदा कागद मांडले, एकेका कागदावर दहा वाव. लोक थांबून टाके मोजू लागले. एका बाईंनी स्वतः सुई घेऊन एक वीत शिवून पाहिली, हात दुखला तेव्हा ठेवली, आणि आत्यांना विचारलं की हे किती दिवसांचं काम. ती वाकळ त्यांनी घेतली. आत्यांना शिवणीचे ३,६४० रुपये मिळाले. सुनेनं ते कागदावर पुन्हा मोजले.

१९ ऑक्टोबर

उद्या-परवा दिवाळी, काम बंद. कंपनीच्या बारा पोचल्या, पैसे यायचे आहेत. गटाचं बँक खातं उघडायची कागदपत्रं अर्धी झाली आहेत, तोवर हिशोब दोघींच्या सहीनं वहीत.

दोन मुली नव्यानं शिकायला येणार आहेत. त्यांना आधी दुपट्यावर बसवायचं, चार थर, वितेत वीस टाके येईपर्यंत. दुपट्याची शिवण त्यांनाही वावेच्या पूर्ण दरानं द्यायची, शिकाऊ म्हणून कमी नाही. बोहारणीनं अठरा लुगडी काढून ठेवली आहेत, त्यांतली तीन इरकल. लाल पदर आधी कापून घ्यायचे. भाऊबीज झाली की पहिल्या उन्हात धुणं.